तळघरातला पंप

घराची खरी ओळख दिवाणखान्यात होत नाही. ती तळघरातल्या मैलापंपापाशी होते, असे माझे मत होत चालले आहे. आमचे तळघर रस्त्याच्या गटारापेक्षा खोल; म्हणून तिथल्या संडासाचे पाणी पंपाने वर चढवावे लागते. परवा मोटार नुसती घुमत राहिली, पाणी काही हलेना. म्हणजे पंख्यात काहीतरी अडकले!

शेजारचे अण्णा म्हणाले, "बोलवा कोणाला तरी, उतरवू खाली." मी साफ नाही म्हटले. सुरक्षासाधनांवाचून माणसाला मैलाटाकीत उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण त्या वायूला कायदा कुठे ठाऊक? आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. वायू वाढला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि कोसळतो.

वीज तोडून प्लंबरने आणि मी साखळीने पंप वर ओढला. पंख्याभोवती ओल्या रुमालांचा पीळ बसला होता. पाकिटावर म्हणे 'संडासात टाकण्याजोगे' असे छापलेले असते! मराठीच्या मास्तराने तरी छापील शब्दावर किती विश्वास ठेवावा? पक्कडीने तो पीळ सोडवायला पाऊण तास गेला.

पंप खाली सोडला, अण्णांनी बटण दाबले, पाणी उतरले. रुमाल कोणाचे, यावर रविवारी सभा आहे.