वाटीभर भाताचा पहारा

सोलापूर-धुळे महामार्गावरच्या मांजरसुंब्याला गाडी थांबते ती खाण्यासाठीच. फाट्यावर भजी तळत असतात, चहा उकळत असतो, रबडीसाठी माणसं वाट वाकडी करून येतात. अशा गावात जठर काढलेल्या माणसाला जेवू घालायचं कसं, हे मी आईकडे बघत शिकलो.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पूर्ण जठर काढलं की आतडं अन्ननलिकेलाच जोडतात. अन्न साठवायची कोठीच राहत नाही. बिलरोथ या सर्जनने १८८१ साली व्हिएन्नात जठराचा कॅन्सर झालेला भाग प्रथमच यशस्वीपणे काढला. तो इतिहास पुस्तकात आहे. घरी आणल्यावर पेशंटला काय वाढायचं, हे मात्र ज्या त्या घरच्या बाईनं नव्यानं शिकायचं.

आई शिकली. वाटीभर मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, मध्येच उकडलेलं अंडं. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं. गोड चहा पोटात गेला की थोड्याच वेळात अण्णांना घाम फुटायचा, छाती धडधडायची. कधी दोन-तीन तासांनी साखर उतरून हात थरथरायचे.

हे सगळं जमलं. जमेना ते पाहुण्यांचं. "एवढंसंच? मग ताकद कशी यायची?" म्हणत पेढ्याचा पुडा पुढे करायचा आणि आईकडे असं बघायचं, जणू तीच हात आखडता घेतेय. आपल्याकडे माया आग्रहानं मोजतात. मला तर वाटतं, या आजारात पथ्यापेक्षा आग्रह आवरणं अवघड.

आमचं निभावलं, कारण आई घरी होती. दिवाळीनंतर आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला दर दोन-तीन तासांनी कोण वाढणार? सल्ला देताना डॉक्टरांनी हेही विचारायला हवं. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२ जन्मभर द्यावं लागतं; त्या इंजेक्शनची तारीखही घरच्यांनाच लक्षात ठेवावी लागते.

तेव्हा अशा घरी भेटायला जाल तर पेढे नेऊ नका. तासभर पेशंटपाशी बसा, पुढची वाटी तुम्ही द्या, आणि घरातल्या बाईला झोपू द्या.