पाखरू उठतं तेव्हा

राधी, माझी पॉइंटर कुत्री, पुढचा डावा पाय उचलते आणि वीतभर पुढे टेकवते. दोष एवढाच. कबुतर फडफडत उठतं, ती त्याच्यामागे धावत नाही, भुंकत नाही. बघणारे म्हणतात, वा काका, काय उभी राहिली! पण तो पाय मला दिसलेला असतो. पाखरू उठायच्या अगदी आधी ती जागा सोडते आणि उठल्यावर पुन्हा पुतळा होते. माझ्या लेखी अशी कुत्री उभी राहिलेलीच नसते.

पॉइंटर पाळणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पिल्लाला पॉइंट धरायला, म्हणजे पाखराच्या वासावर ताठ उभं राहायला, कुणी शिकवत नाही. झेप घेण्याआधी कुठलाही शिकारी प्राणी क्षणभर थबकतो. माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून तो थबकण्याचा क्षण लांबवत नेला आणि ही जात घडवली. आपण शिकवतो ते त्यानंतरचं. थबकून झालं, आता झेप घ्यायची नाही. पाखरू तुझ्या नाकासमोरून उठेल, गोळी वाजेल, पाखरू पडेल किंवा जाईल, तू हलायचं नाहीस. सगळी मेहनत या ‘नाही’ची.

सरकणाऱ्या कुत्र्यावर जुना इलाज एकच. ओरडायचं नाही, मारायचं नाही. छातीखाली आणि मांड्यांखाली हात घालून उचलायचं, जिथून पाय हलला नेमक्या त्याच जागी परत ठेवायचं आणि मागून पुठ्ठ्यावर हलका दाब द्यायचा, पुढे ढकलल्याचा. कुत्रा त्या दाबाविरुद्ध मागे रेलतो, चारही पाय रुतवतो, शेपटी ताठ होते. हे ज्यांनी पहिल्यांदा शोधलं त्या हातांना माझा नमस्कार, मग ते हात इंग्रजाचे असोत की त्याच्या कुत्रेवाल्याचे. पण पंचवीस किलोची कुत्री वाकून उचलणं आता माझ्या कंबरेला झेपत नाही. आणि हाताचं तर निराळंच प्रकरण झालं आहे.

गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरतो. चहा सांडत नाही, सही वाकडी येते. बँकेतला मुलगा ओळखीचा आहे, चालवून घेतो. पण दोरी चालवून घेत नाही. तीस फुटी सुती दोरी गवतात सैल पडलेली असते, तिचं टोक माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत. पाखरू उठायच्या सुमाराला मी सैल अंग आवरून घेतो, ओढत नाही, फक्त आवरतो. तेवढ्यात हाताची थरथर दोरीतून सरकत सरकत राधीच्या पट्ट्यापर्यंत पोचते. माझा हात सतत काहीतरी सांगतो आहे आणि काय सांगतो आहे ते तिला कळत नाही. म्हणून ती पाय उचलून विचारते. निदान मी तरी हिवाळाभर असं धरून चाललो होतो.

बाबांच्या वेळी हे प्रश्न नव्हते, दुसरे होते. आम्ही माधव नगरचेच, तेव्हाच्या शिंद्यांच्या उज्जैनचे. घरात मराठी आणि कुत्र्याशी हिंदी, हा रिवाज बाबांनी घातला तो अजून चालू आहे. राधीला ‘ठैर’ कळतं, ‘थांब’ कळत नाही. बाबांच्या बंदुकीपुढे दोन पाखरं असत आणि दोघांचे स्वभाव उलटे. राखी तित्तिर हा पळपुटा. कुत्रा पॉइंट धरून उभा आणि तित्तिर बोरीच्या झुडपांखालून चालत पार पुढच्या बांधाला. उडायची वेळच तो शक्यतो येऊ देत नाही. इंग्रज शिकारी त्याला याच कारणासाठी नाकं मुरडत. अशा पक्ष्यावर कुत्र्याची पिल्लं बिघडतात, कारण उभं राहून उपयोग नाही हे ती लवकर शिकतात. लावा मात्र पायाखाली येईपर्यंत बसून राहतो आणि मग अख्खा थवा एकदम चहूदिशांना फुटतो. माणूस दचकतो तिथे कुत्र्याची काय कथा! बाबा कुत्रा पारखायचे तो लाव्यावर, तित्तिरावर कधीच नाही.

मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काही पक्ष्यांची परवान्यावरची शिकार त्यानंतरही काही वर्षं उरली होती, १९९१च्या दुरुस्तीनं तीही संपली. झालं ते योग्यच झालं, असं मी मनापासून म्हणतो. सैलान्याजवळ खरमोरासाठी १९८३ साली अभयारण्य करावं लागलं. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा तो तणमोर एके काळी माळव्याच्या माळांवर शिकाऱ्यांना सहज सापडे. आमच्यासारख्यांच्या कुत्र्यांनी तो शोधून दिला आणि बंदुकांनी संपवत आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्याही पक्की आहे. मारणंच नव्हे, मागे लागणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे बंदूक घरी ठेवून रानातल्या तित्तिरावर कुत्रं सोडलं तरी गुन्हा. मी सोडत नाही. माझ्या गच्चीवर ढाबळ आहे. मक्सी रोडवरच्या मित्राच्या शेतात स्प्रिंगच्या पेटीतून पाळीव कबुतर उठवतो, ते थेट ढाबळीकडे निघतं आणि आमच्या आधी घरी पोचलेलं असतं.

खरी गाठ इथेच आहे आणि ती माझ्याच्यानं सुटत नाही. कुत्र्यानं उभं का राहायचं? बाबांच्या कुत्र्यांना मजुरी मिळत होती. उभं राहिलं तर बार होतो, बार झाला तर पाखरू पडतं, पडलेलं तोंडात धरायला मिळतं. हा हिशेब कुत्र्याला पक्का समजतो. राधीच्या उभ्या आयुष्यात एक पाखरू पडलेलं नाही, पडणारही नाही. प्रत्येक वेळी कबुतर जातं आणि ती बघत राहते. इंग्लंडात या कुत्र्यांच्या चाचण्या १८६५ साली बेडफर्डशरमधल्या साउथहिलला सुरू झाल्या. वसंतातल्या चाचण्यांत तिथेही पक्षी मारत नाहीत, जोड्या जमण्याचे दिवस असतात म्हणून. पण त्या कुत्र्यांना पुढे शरदात बंदुकीबरोबर काम असतं. एक ऋतू उधारीवर काढता येतो. आमच्याकडे पिढ्या उधारीवर चालल्या आहेत.

इंदूरच्या एका गृहस्थांनी ही गाठ विजेच्या पट्ट्यानं तोडली. त्यांची कुत्री हलत नाहीत, हे खरं. पण कान मागे पडलेले, शेपटी खाली, डोळे मालकाकडे. ती पक्ष्यापुढे उभी नसतात, पट्ट्यापुढे उभी असतात. काही तर पुढे पुढे वास आला तरी बाजूनं वळसा घालून निघून जातात, पक्षी म्हणजे चटका हे त्यांच्या डोक्यात बसतं. एवढं करून पॉइंटर बाळगण्यापेक्षा माणसानं दगडी सिंह बाळगावेत. शोवाल्यांचा प्रकार त्याहून निराळा. त्यांच्या पॉइंटरला खांदा आहे, मान आहे, चकाकी आहे. वाऱ्यावर नाक आहे की नाही हे विचारणाराच कुणी नाही. आणि फ्रीगंजच्या टॉवरला संध्याकाळी फिरायला निघणारे हस्की तर मी बघतच नाही. माळव्याचा मे महिना आणि अंगावर बर्फातला कोट! त्यांच्या मालकांना मी नमस्कारसुद्धा तुटकच करतो.

माझी नात, मुलीची मुलगी, सुटीत येते आणि राधीला कलेजीचे उकडलेले तुकडे चारून शिकवते. तिचं म्हणणं सरळ आहे. ‘आजोबा, मजुरी नाही म्हणता ना, मग द्या की!’ टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात शिकलेली कुत्री ती दाखल्याला देते. २००८पासून ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्था वनखात्यांसाठी वास काढणारी कुत्री तयार करवून घेतात, त्यात आपला मध्य प्रदेशही आला. वाघाचं कातडं, हाडं यांचा वास लागला की त्या कुत्र्यांनी गप बसून राहायचं आणि बक्षीस घ्यायचं. उभं राहायच्या जागी बसणं, एवढाच फरक. शिवाय ज्या विद्येनं पाखरं मारली, तीच आता चोरट्या शिकाऱ्याला पकडून देते. मला ते पटतं. हेवाही वाटतो. त्या कुत्र्यांच्या मालकांना संध्याकाळी गाठ सोडवत बसावं लागत नाही.

पण कलेजीवर उभी राहिलेली राधी मला आवडत नाही, हे सांगून टाकतो. वास आला की ती थांबते, अगदी थांबते, पाय उचलत नाही. पण शेपटीचं टोक हलतं. डोळ्यांतली ती आग मऊ पडते, कधी कान नातीच्या खिशाकडे वळतो. नात म्हणते, स्थिर आहे ना, मग झालं! स्थिर आहेच. मला मात्र ताठ शेपटी हवी, मान पुढे, अंगावर एकही केस न हलणारी, फोटोत काढून भिंतीवर लावावी अशी. स्थिर पण मऊ आणि ताठ पण सरकणारी यांत निवड करायला लावली, तर मी सरकणारी घेईन. हे शिकवणाऱ्याचं मत नव्हे, मिरवणाऱ्याचं आहे. माहीत आहे मला. तरी मी तेच घेईन.

या हिवाळ्यात दोरी नातीच्या हातात दिली. तिचा हात खांबासारखा स्थिर. कलेजी खिशात ठेवायची नाही या अटीवर. मी पेटीची सुतळी ओढायला उभा राहिलो, राधीला दिसेन असा. कबुतर उठायच्या अगदी आधी राधीनं डावा पाय उचलून वीतभर पुढे टेकवला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दोरीत थरथर नव्हती, तरी पाय हललाच. म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हता. कुत्री बिघडलेली निघाली आणि मी दिवसभर खुशीत. पोहे-जिलेबी माझ्याकडून झाली.

नात मात्र माझ्याकडे बघत बसली होती. जिलेबी संपल्यावर म्हणाली, ‘आजोबा, सुतळी ओढायच्या आधी तुम्ही श्वास रोखता. खांदा वर जातो. ती तुमचा खांदा बघते.’ पुढल्या खेपेला तिनं मला बांधामागे बसवून सुतळी ओढायला लावायचं ठरवलं आहे, राधीला मी दिसणार नाही असं. तिचं बरोबर असणार. पण रविवारी शेतावर दोन-चार लोक बघायला येतात. राधी उभी राहिलेली त्यांना दिसेल, दोरी धरलेली पोरगी दिसेल आणि ते तिलाच विचारतील, कुत्री कुणी तयार केली म्हणून. त्यामुळे ही खेप मी सध्या तरी सोमवारवर ढकलली आहे.