दादाचा एक कान आणि चार बीटल्स

बॉक्स सेट ही मोठी चावट चीज आहे, बॉस. आपल्याला तोंडपाठ असलेला पन्नास वर्षांपूर्वीचा अल्बम जाडजूड खोक्यात घालायचा, सोबत फोटोंचं पुस्तक ठेवायचं आणि पुन्हा आपल्यालाच विकायचा. आणि आपण तो घेतो! त्यातून पुढे फॉरमॅटचा घोळ. सीडी, एलपी, ब्लू-रे की हाय-रेझ डाउनलोड? २०१९ मध्ये ‘ॲबी रोड’च्या पन्नाशीला आलेल्या सेटमध्ये तीन सीडींसोबत एक ब्लू-रे होती. त्या एकाच ब्लू-रेवर डॉल्बी ॲटमॉस, फाइव्ह पॉइंट वन आणि हाय-रेझ स्टिरिओ! ऐकायला घरात किती स्पीकर लागतात, ते मोजत बसा.

मला यंदा असाच एक सेट घ्यायचा होता, स्वतःसाठी नाही, तर दादाच्या चाळिशीसाठी. दादा पिशोरला असतो. कन्नड तालुक्यातलं आमचं गाव. तिथे तो आलं आणि मका करतो. मी पुण्यात फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे चेक कधी येईल ते फक्त देवाला ठाऊक. तरी एका कव्हर स्टोरीचं पूर्ण मानधन या कामासाठी बाजूला काढलं होतं. एवढा खर्च एकदाच होणार, तेव्हा चुकून चालणार नव्हतं.

मुख्य अडचण अशी की दादाला एकाच कानाने ऐकू येतं. सात वर्षांचा असताना गालगुंड झाले आणि डावा कान कायमचा गेला. घरात याचा कधी बाऊ झाला नाही. जेवताना आई त्याच्या उजव्या बाजूला बसायची, एवढंच. तो कॉलेजला तेव्हाच्या औरंगाबादला होता. तिथून तो एमपीथ्री भरलेल्या सीडी आणायचा, आणि त्यामुळेच पिशोरमध्ये अकरा वर्षांच्या पोरीला बीटल्स माहीत झाले. एसटीतून कन्नडला जाताना आम्ही एकच इअरफोन वाटून घ्यायचो. ‘आर’ लिहिलेला त्याचा, ‘एल’ माझा.

आता यातली गंमत बघा. बीटल्सचे १९६३ मधले पहिले दोन अल्बम दोन ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड झाले होते. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर गाणं. हे अशासाठी, की नंतर दोन्ही नीट तोलून एकच मोनो आवाज करता यावा. स्टिरिओ आवृत्ती काढली तेव्हा तेच दोन ट्रॅक दोन बाजूंना टाकले गेले. डावीकडे बँड, उजवीकडे गायक. म्हणजे कन्नडपर्यंतच्या त्या प्रवासात दादाने नुसते गळे ऐकले आणि मी नुसता ढोल-गिटार! तरी आम्ही दोघं एकाच वेळी मान हलवायचो.

दादाला वॉकमनपेक्षा आजोबांचा ट्रान्झिस्टर का आवडायचा, हेही मला मग कळलं. मीडियम वेव्हवरची आकाशवाणी मोनो. सगळं गाणं एकाच स्पीकरमधून येतं, बाजू कुठली हा प्रश्नच नाही.

सेट शोधताना आधी जमाखर्च मांडला. ॲटमॉस बाद, कारण आवाज चहूबाजूंनी येतोय हे कळायला दोन कान लागतात. हाय-रेझचं कौतुकही मला जरा जास्तच वाटतं. साध्या सीडीत आवाजाचे नमुने सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असतात, त्यातून साधारण २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मिळतो. माणसाचा तरणाताठा कान २० हजारांपर्यंत पोचतो आणि वयाबरोबर खाली येतो. कानाला जाणवणारा फरक बहुतेक वेळा मास्टरिंगचा असतो. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) आठवतोय? आवाज इतका दाबून चढवला होता, की चाहतेच वैतागले. तसलं मास्टर कितीही भारी फॉरमॅटमध्ये दिलं तरी कान किटणारच.

मग सापडला २००९ चा ‘द बीटल्स इन मोनो’. तेरा सीडी. त्याच वर्षीच्या स्टिरिओ रीमास्टरमध्ये आवाज थोडा चढवला होता, मोनोत ते टाळलं होतं. शिवाय साठच्या दशकात जॉर्ज मार्टिन आणि बीटल्स यांनी जीव ओतला तो मोनो मिक्समध्ये. स्टिरिओ बऱ्याचदा नंतर उरकलं जायचं. ‘सार्जंट पेपर’मधलं ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत चक्क जास्त वेगात आहे. फोनमधलं ‘मोनो ऑडिओ’ सेटिंग दोन्ही बाजू एकत्र करून देतं, पण मधोमध असलेले आवाज त्यात उगाच पुढे येतात. तो तोल कुणी कानाने ठरवलेला नसतो.

हाच मोनो खजिना २०१४ मध्ये चौदा एलपींवरही आला, तोही थेट ॲनालॉग टेपवरून कापलेला. मन तिकडे ओढत होतं, खोटं कशाला बोलू! पण पिशोरला दादाकडे टर्नटेबल नाही. उन्हाळ्यात घरभर धूळ असते, आणि एलपीच्या खाचेत धुळीचा कण म्हणजे कायमची टिकटिक. त्याच्याकडे जुना डीव्हीडी प्लेयर आणि धडधाकट ॲम्प्लिफायर आहे. शिवाय सीडीवरून गाणी फ्लॅकमध्ये उतरवली की पेनड्राइव्हवर टाकता येतात, आणि पेनड्राइव्ह ट्रॅक्टरच्या टेपला लागतो. त्या ट्रॅक्टरला स्पीकरही एकच! शेतीची वीज पाळीप्रमाणे बऱ्याचदा रात्री येते, तेव्हा मोटार सुरू करून बसल्या बसल्या ऐकायला बरं. एका कलेक्टरकडे सीलबंद सेट मिळाला, सीडीचाच घेतला.

दादाने पहिलाच अल्बम लावला. दोन गाणी शांतपणे ऐकली. मग पॉज.

“बारके, हे ढोल पहिले कुठं होते गं?”

“माझ्या कानात,” म्हटलं.

तो हसला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा ताटंच तिथे आली.

जेवताना तो खोक्यातल्या सीडी एकेक करून बघत होता. “ॲबी रोड कामून नाही यात?” मी सांगितलं, १९६९ मधल्या त्या अल्बमचं वेगळं मोनो मिक्स झालंच नाही, ‘लेट इट बी’चंही नाही. त्या दोन अल्बमांपुरतं फोनचं सेटिंग त्याला लावून दिलं.