ओला रस्ता गप्प झाला की

१४ नोव्हेंबर, कॅमलूप्स, कॅनडा

पहाटे वजा ९. साताऱ्याकडे बारा वर्षं ट्रक चालवला. टायरवर दांडा मारला, लिंबू-मिरची पाहिली की गाडी सुटायची. इथे आधी हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडायचं. ते गोठलं की वाल्व्ह अडकतो, मग ब्रेक रामभरोसे. शिकवणारे पाजी जालंधरकडचे. म्हणाले, "अब तक का सब भूल जा."

१६ नोव्हेंबर

दिवसभर टायरच्या साखळ्या. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल जड ट्रकमध्ये साखळ्या हव्यातच. पहिला जोड चढवायला पाऊण तास गेला. हातमोजे भिजले, बोटं बधिर. थोडं अंतर जाऊन उतरायचं, सैल झालेल्या पुन्हा आवळायच्या. दुसऱ्यांदा लावल्या, एक कडी उलटी निघाली. पाजींनी ती साखळी सगळी सोडायला लावली.

१९ नोव्हेंबर

खंबाटकी घाट उतरताना ज्याने मला तारलं तो एक्झॉस्ट ब्रेक. त्याचाच इथला दणकट भाऊबंद, इंजिन ब्रेक, आज पाजींनी बंद करायला लावला. तो फक्त इंजिनाला जोडलेली चाकं आवळतो. बर्फावर तीच सुटली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि वळून केबिनला येऊन भिडतो. उतार सुरू व्हायच्या आत वेग कमी करायचा. पाय ऐकतो, हात मात्र सवयीने त्या बटणाकडे जातोच.

२२ नोव्हेंबर, कोकाहाला घाट

माथा १,२४४ मीटर. कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ वाईट, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. डांबर ओलं, काळं दिसत होतं. पुढच्या ट्रकच्या चाकांमागचे तुषार एकाएकी थांबले. टायरची सळसळही बंद. पावसाळ्यात हा आवाज थांबला की घाटात जीव भांड्यात पडायचा. इथे पाजी हळूच म्हणाले, "सुन लिया?" मी पाय हलकेच उचलला.

२३ नोव्हेंबर, होप

परतीची चढण समोर, वर हिमवृष्टीचा इशारा. पाजींनी किल्ली माझ्या हातात दिली, काहीच बोलले नाहीत. मी ती खिशात टाकली आणि दोन चहा सांगितले.