उणे एक

डेटाबेसचा क्लस्टर बसला की फोन सुरू होतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "कधी सुरू होतंय?" या प्रश्नाला तडकाफडकी उत्तर देणाऱ्या डीबीएची, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याची, मला धास्ती वाटते.

गॅलेरावर, म्हणजे अनेक मायएसक्यूएल सर्व्हरांवरचा डेटा एकसारखा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालणारा तीन नोडांचा (सर्व्हरांचा) क्लस्टर घ्या. वीज गेली, तिन्ही एकदम पडले. (यूपीएस असतो, जनरेटर असतो, तरी जाते.) प्रत्येक नोडवर 'जीआरए-स्टेट' नावाची चिमुकली फाइल असते. सर्व्हर रीतसर बंद झाला तर शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक तिच्यात लिहिला जातो. अचानक पडला तर तिथे उणे एक, आणि 'सेफ टू बूटस्ट्रॅप'समोर शून्य. म्हणजे तिघंही सांगतात, माझ्यापासून सुरुवात करू नका. नक्की माहीत नसताना तसं कबूल करणारं सॉफ्टवेअर मला आवडतं.

घायकुता माणूस पहिल्याच नोडवर शून्याचा एक करतो. पहिलाच का? तर त्याचं नाव नोड-एक! हा नोड मागे राहिलेला असेल, तर पुढे गेलेला नोड जोडताना गॅलेरा अडून बसतं: तुझा क्रमांक गटाच्या पुढे आहे, डेटा जाऊ शकतो, म्हणून थांबतोय, पुढे जायचंच असेल तर ती फाइल काढून टाक. रात्री तीन वाजता या संदेशाचा उत्तरार्ध तेवढा वाचला जातो. फाइल जाते, मागच्या नोडची पूर्ण प्रत येते आणि सर्वांत ताज्या नोंदी तिच्याखाली पुसल्या जातात. क्लस्टर हिरवा दिसतो, ते वेगळंच.

म्हणून आधी तिन्ही डेटा डिरेक्टऱ्यांची प्रत. मग प्रत्येक नोडवर 'डब्ल्यूएसरेप-रिकव्हर': डेटा साठवणारं इंजिन, इनोडीबी, स्वतःच्या नोंदींतून खरा क्रमांक काढून देतं. ज्याचा मोठा, तो आधी उठवायचा. बाकीचे एकेक करून, कारण प्रत देणाऱ्यावर बराच भार येतो.

या सगळ्याला वेळ लागतो, मोठ्यांनाही. २१ ऑक्टोबर २०१८ला अमेरिकेत, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटहबच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेनं मायएसक्यूएलचं मुख्यपद पश्चिमेला दिलं, पण पूर्वेकडच्या काही ताज्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. दोन्हीकडे एकमेकांत नसलेला डेटा. वेग सोडून त्यांनी नोंदींची अखंडता निवडली आणि सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. "इतका वेळ कशाला?" असं कोणी विचारलं की मी हे दोन आकडे पुढे ठेवतो. समोरच्याला पटतंच असं नाही.