मलकापूरहून बोटीच्या सहलीला

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पाणी म्हटले की नळाची पाळी आठवते, लोणारचे खारे सरोवर आठवते, फार तर नळगंगेचे धरण. समुद्र आपण पाहायचा तो मुंबईला कुणाच्या लग्नाला गेल्यावर, तोही चौपाटीवर उभे राहून, साडी घोट्याच्या वर धरून. त्यामुळे "आम्ही तीन रात्री जहाजावर राहून आलो" असे मी भिशीच्या दिवशी सांगितले तेव्हा कुणाचा चटकन विश्वासच बसेना. मग सगळ्या जणींचा एकच प्रश्न आला, "किती गं लागले?"

मैत्रिणींनो, प्रश्न बरोबरच आहे. माझा भिशीचा नंबर लागला होता, त्यात शाळेतल्या अर्धवेळ तासांचे साठवलेले पैसे घातले. हे म्हणाले, "एवढ्यात स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा नवा ओटा होईल." खरे सांगते, दोन रात्री मला झोप लागली नाही. ओटा वीस वर्षे राहतो, सहल चार दिवसांत संपते. पण सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. गुडघे दरवर्षी जरा जास्तच कुरकुरतात. आणि त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ओटा थांबू शकत होता, गुडघे थांबणार नव्हते. हे ऐकल्यावर ह्यांनीही पुढे वाद घातला नाही. आई त्यांचीच ना!

तर पैशांचे आधी. जाहिरातीत छापलेला आकडा म्हणजे खरा खर्च नव्हे. भाडे सांगतात ते दोघांत एक खोली धरून माणशी. त्यावर बंदराचे शुल्क, जीएसटी, शिवाय जहाजावरच्या नोकरवर्गाची बक्षिसी म्हणून दर रात्रीची ठरावीक रक्कम. आम्ही ज्या एजंटाकडे पहिल्यांदा गेलो त्याने यातले काही सांगितले नाही. कागद हातात आला तेव्हा आकडा जवळजवळ दीडपट झालेला! आम्ही चहा न घेताच उठलो. दुसऱ्या ठिकाणी मी पहिले वाक्यच हे बोलले, "सगळे धरून एकूण किती, ते लिहून द्या." रद्द केल्यास किती कापणार, तेही त्याच कागदावर घ्यावे. मुख्य भोजनगृहातले जेवणखाण आणि रोजचे करमणुकीचे कार्यक्रम बहुधा भाड्यातच असतात. थंड पेये, मालिश, इंटरनेट, बंदरावर उतरून केलेली सहल याचे वेगळे पैसे पडतात. मुले हौसेने काय काय मागतात आणि सही खोलीच्या नंबरावर होते. शेवटच्या दिवशी ते बिल पाहून घाम फुटायला नको, म्हणून रोज रात्री हिशेब विचारून घेत जा.

मुंबईहून निघणाऱ्या अशा फेऱ्यांना २०२१च्या सप्टेंबरपासून पुन्हा जोर आला. कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज २११ मीटर लांबीचे आहे. आपल्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीचे नऊ डबे डोळ्यांसमोर आणा, आणि त्यावर मजल्यावर मजले चढवा. जुन्या लोकांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी गोव्याची बोट आठवत असेल. त्या बोटीत कोकणी माणूस वळकटी पसरून डेकवर झोपायचा. ती बोट केव्हाच बंद झाली, आणि ती होती घरी जायची गाडी. आजचे जहाज म्हणजे तरंगते हॉटेल, कुठे पोचायची घाई नसलेले.

जायचे केव्हा? पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ का वाहतात ते कोळ्यांना विचारावे. दिवाळी आणि नाताळात भाडे चढते. आम्ही संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपून जानेवारीअखेर गेलो. मुलीची शाळा तीन दिवस बुडाली, आणि मी शिक्षिका असून ती बुडू दिली!

खोली निवडताना मोठी खिडकी, गॅलरी असे ऐकून हुरळू नका. बिनखिडकीच्या आतल्या खोलीला सर्वांत कमी पैसे पडतात, आणि झोपण्यापलीकडे माणूस तिथे असतो किती वेळ? आम्ही मात्र सासूबाईंसाठी समुद्र दिसणारी घेतली. तीन गोष्टी मुद्दाम विचारा. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर आहे का? झोपाळ्याची दांडी हलत नाही, पाटच झुलतो. तसे मध्यावर आणि खाली हेलकावे कमी बसतात. लिफ्ट जवळ आहे का? आणि डोक्यावर नाचगाण्याचा हॉल तर नाही ना? चौघांत एक खोली घेतली तर तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे बरेच कमी पडते. पण त्यांचे पलंग आगगाडीच्या वरच्या बर्थसारखे भिंतीतून निघतात. आमच्याकडे ह्यांनी आणि मुलीने वर चढायचे ठरले होते. न्हाणीघर इतके लहान की साबण पडला तर वाकायला दार उघडावे लागेल, आणि उंबरा उंच; म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी तो दाखवून ठेवा.

ज्यांना बोट लागेल अशी धास्ती वाटते त्यांना एक स्वस्त उपाय सांगते. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट २०२०च्या मार्चपासून सुरू झाली. तासाभराचा प्रवास. आधी कधी मुंबईला गेलात तर तिच्यातून एकदा जाऊन या. पोटाची परीक्षा थोडक्यात होते!

मलकापूरहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने निघाले की सकाळी मुंबई. बुलढाणा, चिखली, मेहकरकडच्यांनाही आपले मलकापूर नाही तर शेगाव स्टेशन गाठावे लागते. पण त्याच दिवशी जहाज पकडायचा धीर करू नका. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, पैसेही परत येत नाहीत. आम्ही एक दिवस आधी जाऊन डोंबिवलीला नणंदेकडे राहिलो. बॅलार्ड पिअरचा धक्का सीएसएमटीपासून टॅक्सीने अगदी जवळ आहे. गोव्यापुरते जायचे तर आधार किंवा मतदार ओळखपत्र पुरते. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट. दिवस गेलेले असतील तर आधी चौकशी करा, चोवीस आठवड्यांपुढे बहुतेक जहाजे घेत नाहीत.

सामान बांधताना माझी जी चूक झाली ती तुमची होऊ नये. सासूबाईंसाठी मी ज्वारीच्या कडक भाकरी, ठेचा, जवसाची चटणी असा डबा भरला होता. इस्त्रीही घेतली होती. नणंदेच्या यजमानांनी नियमाचा कागद वाचून दाखवला : घरचे अन्न नाही, इस्त्री नाही, सुरी नाही. डबा डोंबिवलीला राहिला (आणि परत येईपर्यंत संपलाही). मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि खोलीत पोचवतात, त्याला काही तास जातात. म्हणून औषधे, चष्मा, ओळखपत्रे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत हवेत. डेकवर वारा असा असतो की हलकी नायलॉनची साडी छत्रीसारखी फुगते. सुती साडी नेसा, पदराला आणि निऱ्यांना पिना लावा, नाही तर सरळ पंजाबी ड्रेस. आत वातानुकूलन कडक, स्वेटर विसरू नका. रबरी तळव्याच्या चपला घ्या, डेक सकाळी ओला असतो.

जहाज सुटण्याच्या सुमारास सर्वांना संकटकाळचा सराव करावा लागतो. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे. बरेच जण हसत-खिदळत उभे होते, फोटो काढत होते. मला मात्र 'रामदास' आठवली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तीही किनाऱ्यापासून फार लांब नव्हे. आपली जमण्याची जागा कोणती, तिथे कोणत्या जिन्याने जायचे, हे मी मुलीकडून दोनदा चालून घेतले. सासूबाईंना तर लाइफ जॅकेट लुगड्यावर प्रत्यक्ष घालून पाहायचे होते. घातले. "हे तं बैलाची झूल हाये," म्हणाल्या, पण बंद कसा बांधायचा ते बरोबर शिकल्या.

सुटताना खोलीत बसू नका, बॅगा नंतर लावता येतील. वर डेकवर या. मुंबई मागे सरते, दिवे लागतात, आणि दक्षिणेकडे थळच्या समोर खांदेरीचे बेट लागते, दीपगृह असलेले. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तिथे किल्ला उभारला, इंग्रजांच्या नाकासमोर. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जे मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यांत खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. पुढचे किल्ले अंधारात मागे पडतात, दिसत नाहीत. पण मुलीला मी म्हटले, "बघ, जिजाऊ आपल्या सिंदखेडराजाच्या. तिथून समुद्र केवढा लांब! आणि लेकाने आरमार उभे केले." एरवी इतिहासाला जांभया देणारी पोर बराच वेळ त्या दिव्याकडे पाहत उभी होती.

आता जेवणाचे. शाकाहारी जेवण भरपूर असते, जैन जेवण हवे तर तिकीट काढतानाच सांगावे. सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "मले भाकर नाही देत का हे?" भाकरी नव्हती. वरण-भात, इडली यांवर त्यांचे छान भागले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी चमच्याने आइस्क्रीमच्या दोन वाट्या संपवल्या. पंचाईत झाली ती माझी. पहिल्या सकाळी साडेपाचला जाग आली आणि हात आपोआप चहाचे आधण शोधू लागले. डबा नाही, कुकर नाही, दूधवाला नाही. मी पलंगाच्या चादरी घडी करायला घेतल्या तर हे वरच्या बर्थवरून म्हणाले, "अगं, त्याचे पैसे दिलेत आपण!" दुपारपर्यंत मला चक्क अपराधी वाटत होते. मग डेकवरच्या खुर्चीत बसले ती दोन तास उठलेच नाही. बसायला शिकायलाही एक दिवस लागतो, तेव्हा शक्य असेल तर दोनऐवजी तीन रात्रींची सहल घ्या.

बोट लागली ती ह्यांनाच. मोटरसायकलवर जिल्हाभर फिरणारा माणूस, पण रात्री पाणी जरा हलले आणि चेहरा उतरला. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना खोली स्थिर दिसते. या भांडणात पोट ढवळते. अशा वेळी पडून मोबाइल पाहू नये. मोकळ्या हवेत यावे आणि लांब क्षितिजावर नजर ठेवावी. पोट रिकामे ठेवू नये. कोरडा टोस्ट, आलेपाक बरा पडतो. ॲव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, पण तिने झोप येते. वयस्कर माणसांनी, रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी घरूनच डॉक्टरांना विचारून निघावे.

फोनचे एक ध्यानात ठेवा. किनारा सुटला की रेंज जाते. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाही तर जहाजाच्या महागड्या नेटवर्कला तो आपणहून चिकटण्याची भीती असते.

गोव्याला जहाज मुरगावला लागते. परत चढण्याची वेळ ठरलेली, ती मनगटावर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची. आम्ही समुद्रकिनारे सोडून दिले आणि टॅक्सी ठरवून फक्त मंगेशीला गेलो. दोन तास हातात ठेवून परतलो. वाटेत दुसऱ्या एका गाडीचे टायर बसलेले पाहिले आणि त्या दोन तासांची किंमत कळली.

शेवटच्या पहाटे सासूबाईंनी मला उठवले. डेकवर आम्ही दोघीच होतो, पाणी शिसवी रंगाचे, नुकते उजाडत होते. बराच वेळ कठड्याला धरून त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काय व, आपल्या इकडचं पानी इथंच येते का?"

भूगोलाच्या बाईला असा प्रश्न! मी सांगितले. मलकापूरची नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ याच समुद्राला. पण त्यांचे माहेर मेहकरचे, पैनगंगेकाठचे. पैनगंगाही आपल्याच जिल्ह्यात उगवते, पण पाठ फिरवून पूर्वेला जाते. वर्धेला, मग प्राणहितेला, मग गोदावरीला, आणि थेट बंगालच्या उपसागराला. दोन्ही नद्या एकाच डोंगरातल्या, मध्ये एक धार तेवढी.

त्या विचार करत राहिल्या. "म्हणजे माह्या माहेरचं पानी तिकडे, अन् सासरचं इकडे." मग पाण्याला हात जोडून म्हणाल्या, "बरं झालं. एक तं पाह्यलं."

घरी आल्यावर दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, घाबरू नका, ते आपोआप थांबते. मी पहाटे जुन्या ओट्यावर भाकरी थापायला उभी राहिले तर ओटाच डुलत होता. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत तास मात्र घेऊ नका. फळ्यावरची माझी ओळ त्या दिवशी सरळ आली नाही, आणि पोरांनी ते लगेच पाहिले.