लाओसच्या गुहेतला बिनडोळ्यांचा कोळी

बौद्ध देशांची नावे मोजताना श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड ही नावे चटकन तोंडावर येतात. लाओस मात्र राहून जातो. समुद्रकिनारा न लाभलेला हा छोटा देश मेकाँग नदीच्या कडेने लांबच लांब पसरला आहे. पहाटे भिक्खू रांगेने भिक्षेला निघतात आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाया त्यांच्या पात्रात चिकट भाताचा घास घालतात, अशी तिथली सकाळ.

या देशाच्या मध्यभागी खम्मुआन प्रांत आणि मेकाँगच्या काठी त्याचे मुख्य गाव थाखेक. नदीपलीकडे थायलंड. गावाबाहेर पडले की सपाट भातखाचरांतून चुनखडीचे करडे डोंगर भिंतीसारखे सरळ उभे दिसतात. हे डोंगर आतून पोकळ आहेत. गुहा म्हटले की आपल्याला कार्ले-कान्हेरी आठवते. पण ती लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने काळ्या पाषाणात कोरली. इथे कारागीर पाणी आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते, आणि तेवढ्या आंबटपणाने लाखो वर्षांत डोंगर विरघळवते. कोंग लोरच्या गुहेत तर हिनबून नदी डोंगराच्या पोटातून सात किलोमीटरहून अधिक वाहते. गावकरी मोटार लावलेल्या लांबट होडीतून प्रवाशांना एका तोंडाने आत नेतात आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर काढतात. मधल्या वाटेत उजेड फक्त बॅटरीचा.

या गुहांशी तिथल्या माणसांचे नाते जुने आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, तेव्हा अनेक गावे गुहांत राहायला गेली. ईशान्येकडच्या व्हिएंग साय येथे तर शाळा आणि दवाखानेही गुहांत चालत. पुढे २००४ साली थाखेकजवळचा एक गावकरी वटवाघळे पकडण्यासाठी कड्यावर चढला आणि एका भोकातून आत डोकावला. आत २२९ बुद्धमूर्ती शांत बसलेल्या होत्या!

आता आपला कोळी. खम्मुआन प्रांतातच झे बांग फाई नदीची प्रचंड गुहा आहे. तिच्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका गुहेत हा कोळी सापडला. जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या झेंकेनबर्ग संस्थेचे संशोधक पीटर येगर यांनी २०१२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अंग बारा मिलिमीटर, पाय पसरले तर सहा सेंटिमीटर. म्हणजे एखाद्या लहान मुलाच्या तळहातावर सहज मावेल एवढा. हा जाळे विणत नाही. आपल्या घरात भिंतीवर रात्री सपाट बसलेला, लांब पायांचा, झाडू उगारताच कडेने सटकणारा कोळी असतो ना, त्याच्याच कुळातला. या कुळात तेव्हा अकराशेहून अधिक जाती माहीत होत्या. त्यांत अजिबात डोळे नसलेला हा पहिलाच!

कोळ्यांना बहुधा आठ डोळे असतात. लाओसमध्ये या कोळ्याचे जे भाऊबंद सापडले, त्यांत कोणाला आठही डोळे शाबूत, कोणाला सहा, कोणाला चार, कोणाला दोन, आणि शेवटी हा, ज्याला एकही नाही. जणू जिन्याच्या पायऱ्याच. मुलांना उत्क्रांती समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. कोणी शाप दिला नाही आणि मागच्या जन्मीचे पापही नाही. उजेडात राहणाऱ्या कोळ्याच्या पिल्लात डोळ्याचा दोष निघाला तर ते उपाशी मरते, त्याचा वंश पुढे जात नाही. पूर्ण अंधारात त्या दोषाने काहीच बिघडत नाही. तो पुढच्या पिढीत जातो, साठत जातो. शिवाय डोळा घडवायला आणि चालवायला अन्न खर्ची पडते, आणि गुहेत अन्नाचा दुष्काळ. वटवाघळांची विष्ठा आणि पुराने वाहून आणलेला पालापाचोळा, एवढ्यावर आतले किडे जगतात आणि त्या किड्यांवर कोळी. कोळ्याच्या पायांवरच्या बारीक केसांना हवेची आणि दगडाची थरथर कळते, आणि अंधारात तेवढे पुरते. त्याला आंधळा म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

नावाची गंमत तर पुढेच आहे. गुहेत उतरणाऱ्यांसाठी कपाळावर बांधायचे दिवे बनवणारी स्क्युरिऑन नावाची एक स्विस कंपनी आहे. तिच्या नावावरून या कोळ्याचे नाव पडले सिनोपोडा स्क्युरिऑन. ज्याने पिढ्यान्पिढ्या उजेड पाहिला नाही, त्याला दिव्याच्या कंपनीचे नाव!

आम्ही कारकून मंडळी नोंदवहीचे महत्त्व जाणतो. नाव चढले नाही की माणूस हजर असून गैरहजर. प्राण्यांचेही तसेच आहे. थाखेकच्या बाजारात खा-न्यू नावाचा उंदरासारखा प्राणी भाजीपाल्याबरोबर मांस म्हणून विकला जात असे. गावच्या बायांना तो पिढ्यान्पिढ्या ठाऊक, पण शास्त्राच्या वहीत त्याची नोंद झाली ती २००५ साली, आणि ज्या कुळात तो निघाला ते कुळ एक कोटी वर्षांपूर्वीच संपले असे समजले जात होते.

कोळ्याची नोंद झाली, हे बरे झाले. कारण चुनखडी म्हणजे सिमेंटचा कच्चा माल, आणि सिमेंट कोणाला नको? घर, पूल, शाळा, दवाखाना तिथल्याही गरिबाला हवाच आहे. पण गुहेतला असा जीव एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जाऊ शकत नाही. मधली भातखाचरे म्हणजे त्याला समुद्रच. सुरुंग लावून एक डोंगर फोडला, तर फक्त त्याच डोंगरात राहणारी जात त्या दिवशी पृथ्वीवरून जाते. झे बांग फाईची गुहा ज्यात येते ते हिन नाम नो हे अरण्य २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. यादीबाहेरचे डोंगर अजून कितीतरी आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ गुहांत कपाळावर दिवा बांधलेला माणूस अजून शिरलेलाच नाही.